जुनं वॉरंट, लहानसा गुन्हा: अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या नावावर सहा वर्षं अटकेचं वॉरंट होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. विद्यार्थी असताना माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत व्हिसाच्या कागदांबरोबरच संपली होती. ते माझ्या लक्षात आलं नाही, पोलिसाच्या आलं. त्याने टिकट, म्हणजे वाहतूक गुन्ह्याची चिठ्ठी, दिलं. त्यावर कोर्टाची तारीख होती. मधल्या काळात नोकरी लागली, मी दुसऱ्या राज्यात गेलो, कोर्टाचं पत्र जुन्या अपार्टमेंटवर गेलं आणि मागे राहिलेल्या रूममेटने ते जाहिरातींच्या गठ्ठ्यासकट फेकून दिलं. पुढे एका रात्री एक मित्र त्या राज्याच्या कोर्टाची वेबसाइट दाखवत बसला होता, कुणाच्या नावावर काय काय निघतं याची गंमत म्हणून. मी माझं नाव टाकलं. गंमत तिथेच संपली.

ते प्रकरण मिटलं. त्यानंतर ओळखीपाळखीतून असेच फोन येऊ लागले, बहुतेक रात्री दहानंतर आणि बहुतेक 'एका मित्राबद्दल विचारायचं होतं' असं म्हणत. त्यांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही. दर राज्याचा कायदा वेगळा आहे आणि तुमच्या केसचा निर्णय हे पान वाचून घेऊ नका. वकिलासमोर बसताना काय विचारायचं एवढं यातून कळलं तरी चालेल.

मिसडिमीनर म्हणजे काय? माझं तर नुसतं टिकट होतं.

अमेरिकेत गुन्ह्यांच्या ढोबळ मानाने दोन पायऱ्या आहेत. ज्याला एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते तो फेलनी. त्याखालचा, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त वर्षभराच्या कैदेचा, तो मिसडिमीनर. दुकानातली किरकोळ चोरी, दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा, सस्पेंड झालेल्या लायसन्सवर गाडी चालवणं, भांडणात हात उगारणं, हे सगळं सहसा या खालच्या पायरीवर येतं. अपवाद आहेतच. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमीनरला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यू जर्सीत तर हा शब्दच वापरत नाहीत, तिथे 'डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स' म्हणतात.

वेग मर्यादेचं साधं टिकट बऱ्याच राज्यांत गुन्ह्यातच मोडत नाही, नुसता दंड असतो. पण त्या टिकटाच्या तारखेला तुम्ही गेला नाहीत, तर न जाणं हाच काही राज्यांत स्वतंत्र मिसडिमीनर होतो. आपली बरीच मंडळी इथेच अडकतात. मूळ प्रकरण शेंगदाण्याएवढं असतं, आणि त्यावर बसलेला न जाण्याचा गुन्हा नारळाएवढा.

टिकटाचं वॉरंट कधी झालं?

तुमची केस पुकारली आणि तुम्ही उभे राहिला नाहीत, त्या दिवशी. न्यायाधीश तिथल्या तिथे काढतो त्याला बेंच वॉरंट म्हणतात. ठरलेला दंड न भरणं, प्रोबेशनची (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची) अट मोडणं, सांगितलेला वाहतूक वर्ग पूर्ण न करणं, यांवरूनही ते निघतं. दुसरा प्रकार साध्या अटक वॉरंटचा. यात तक्रार झालेली असते, सरकारी वकिलाने आरोप दाखल केलेला असतो, आणि तुम्हाला कोर्टाने एकदाही बोलावलेलं नसतं. फरक लक्षात ठेवा. पहिल्यात तुम्हाला तारीख माहीत होती असं कोर्ट धरून चालतं, दुसऱ्यात कदाचित काहीच माहीत नसेल. पुढे उशिराचा मुद्दा निघतो तेव्हा हा फरक फार कामाचा ठरतो.

दहा-बारा वर्षं झाली. आपोआप रद्द झालं असेल ना?

नाही. मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून फोनवर सगळ्यांत लांब शांतता पसरते तीही याच प्रश्नाला.

गोंधळ होतो तो मुदतीच्या कायद्यामुळे. 'मिसडिमीनरची मुदत एक-दोन वर्षांची असते' असं कुणीतरी इंटरनेटवर वाचलेलं असतं. ते खरं आहे, पण ती मुदत आरोप दाखल करण्याची. तुमच्यावरचा आरोप त्याच वेळी दाखल झाला असेल, तर बहुतेक ठिकाणी मुदतीचा प्रश्न तिथेच मिटतो. वॉरंट तुम्ही सापडेपर्यंत किंवा कोर्ट मागे घेईपर्यंत तसंच राहतं.

कधीकधी सरकारच कंटाळतं, हेही खरं. ऑगस्ट २०१७ मध्ये मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्सच्या सरकारी वकिलांनी मिळून दहा वर्षांहून जुनी सुमारे ६ लाख ४४ हजार वॉरंटं, समन्सला हजर न राहिल्याची, काढून टाकली. रस्त्यावर दारू पिणं, फुटपाथवर सायकल चालवणं असली प्रकरणं होती ती. स्टेटन आयलंडच्या सरकारी वकिलाने भाग घेतला नाही, म्हणून तिथली वॉरंटं राहिली. जानेवारी २०१९ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्युनिसिपल कोर्टांतल्या पंधरा वर्षांहून जुन्या सुमारे ७ लाख ८७ हजार बारीकसारीक तक्रारी निकालात काढल्या, पार्किंग आणि किरकोळ वाहतुकीच्या. तुमचं प्रकरण त्या काळातलं आणि त्या भागातलं असेल तर नशीब जोरावर आहे का ते बघून घ्या. दारू पिऊन गाडी चालवल्याचं असेल तर त्या आशेवर राहू नका.

मग इतका उशीर झाला याचा मला काहीच फायदा नाही?

आहे, पण तो मागावा लागतो. राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने लवकर खटला चालण्याचा हक्क दिला आहे. १९७२ च्या 'बार्कर विरुद्ध विंगो' निकालापासून कोर्ट चार गोष्टी तपासतं: उशीर किती, कुणामुळे, आरोपीने हा हक्क मागितला होता का, आणि उशिरामुळे त्याचं काय नुकसान झालं.

याबाबत 'डॉगेट विरुद्ध अमेरिका' हा १९९२ चा निकाल मला फार आवडतो. १९८० साली अमली पदार्थांच्या प्रकरणात डॉगेटवर आरोप ठेवला गेला. अटक होण्याआधीच हा माणूस देशाबाहेर गेला. १९८२ मध्ये परत आला, लग्न केलं, पदवी घेतली, नोकरी धरली, स्वतःच्या खऱ्या नावाने राहिला. आपल्यावर आरोप आहे हे त्याला ठाऊक असल्याचं सरकारला दाखवता आलं नाही. सरकारनेही त्याला नीट शोधलं नाही. १९८८ मध्ये वॉरंट असलेल्या लोकांची पतपडताळणी करताना त्याचं नाव सापडलं. साडेआठ वर्षांच्या या उशिरात मोठा वाटा सरकारच्या हलगर्जीपणाचा होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. ती फेलनी होती.

पण तुम्ही तारखेच्या पावतीवर सही केली होती, तारीख माहीत होती आणि तरी गेला नाहीत, तर कोर्ट म्हणेल की उशीर तुमच्यामुळे झाला. पत्र मिळालंच नाही, याचा पुरावा म्हणून घर बदलल्याचे कागद, जुनं लीज, पोस्टाला दिलेली पत्ताबदलाची सूचना शोधून ठेवा. माझं जुनं लीज एका सुटकेसच्या तळाशी सापडलं, लग्नपत्रिकांखाली.

जुन्या केसमध्ये कायद्याबाहेरचाही एक फायदा असतो. पोलीस निवृत्त झालेला असतो, दुकानाचा सुरक्षारक्षक कुठे गेला कुणाला माहीत नसतं, व्हिडिओ पुसला गेलेला असतो. सरकारी वकिलालाही हे कळतं, आणि तडजोडीची भाषा मऊ होते.

माझ्या नावावर वॉरंट आहे का, हे गुपचूप कसं कळेल?

मेरीलँड, विस्कॉन्सिन, इंडियाना अशा काही राज्यांत राज्यभरच्या केसेस ऑनलाइन शोधता येतात. टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात कौंटीगणिक (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वेगळी साइट. शोधताना आपल्या नावांचे जितके अवतार होऊ शकतात तितके टाकून बघा. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव, आडनावाच्या जागी मधलं नाव, 'वाघमारे'ची तीन स्पेलिंगं. पोलिसाने लायसन्सवरून लिहून घेताना काय केलं असेल सांगता येत नाही.

साइटवर काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं नव्हे. लहान म्युनिसिपल कोर्टं कित्येकदा तिथे नसतात. मग कोर्टाच्या क्लार्कच्या ऑफिसात फोन करा. केस नंबर, पुढची तारीख, किती पैसे बाकी आहेत, एवढं क्लार्क सहसा सांगतो. चौकशीला पोलीस ठाण्यात मात्र जाऊ नका. वॉरंट निघालंच तर तिथल्या माणसाला तुम्हाला घरी पाठवायचा अधिकार नसतो, मग तो कितीही भला असो.

सगळ्यांत सुरक्षित रस्ता म्हणजे वकिलाला बघायला सांगणं. त्याचं पंधरा मिनिटांचं काम असतं.

पोलीस दारात येऊन उभे राहतील का?

मिसडिमीनरसाठी मुद्दाम घरी येणं क्वचित घडतं. कायद्याने येऊ शकतात मात्र: १९८० च्या 'पेटन विरुद्ध न्यूयॉर्क' निकालानुसार न्यायाधीशाचं अटक वॉरंट असेल आणि तुम्ही आत आहात असं मानायला कारण असेल, तर ते तुमच्या घरात शिरू शकतात. दुसऱ्याच्या घरात तुम्हाला शोधायला जायचं तर सहसा झडतीचं वेगळं वॉरंट लागतं.

प्रत्यक्षात जुनं वॉरंट पकडलं जातं ते रस्त्यावर. मागचा दिवा बंद, गाडी बाजूला, पोलीस तुमचं नाव संगणकात टाकतो. २०१६ च्या 'युटा विरुद्ध स्ट्रीफ' प्रकरणात तर पोलिसाने मुळात बेकायदा थांबवलं होतं, पण किरकोळ वाहतूक गुन्ह्याचं जुनं वॉरंट निघालं आणि त्यामुळे झडतीत सापडलेला पुरावा ग्राह्य धरला गेला. त्या निकालाच्या विरोधी मतात न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलं आहे की सरकारी नोंदींत ७८ लाखांहून जास्त वॉरंटं पडून आहेत आणि त्यांतली बहुतेक किरकोळ गुन्ह्यांची दिसतात. मिझुरीतल्या फर्ग्युसनची लोकसंख्या २१ हजार. २०१४ च्या अखेरीस तिथल्या कोर्टाची १६ हजारांहून जास्त लोकांवर वॉरंटं होती, असं न्याय खात्याच्या अहवालात आहे. म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात. लाज थोडी कमी वाटावी म्हणून सांगतो.

मी आता दुसऱ्या राज्यात आहे. तिकडचं वॉरंट इकडे दिसतं का?

दिसू शकतं. एफबीआयच्या १९६७ पासून चालत आलेल्या एनसीआयसी नावाच्या यादीत राज्यं वॉरंटं टाकतात. मिसडिमीनर टाकायचं की नाही, आणि आरोपीला आणायला किती लांब जायचं, हे तिथली यंत्रणा ठरवते. 'फक्त राज्यातच ताब्यात घ्या' किंवा 'अमुक मैलांच्या आतच' असा शेरा पुष्कळदा असतो, कारण किरकोळ केससाठी दोन अधिकारी विमानाने पाठवायला कुणाला परवडत नाही. कायदा मात्र आड येत नाही, मिसडिमीनरसाठीही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतं.

त्याआधी लायसन्स बोलू लागतं. वाहतुकीच्या टिकटांबाबत बहुतेक राज्यांचा आपसांत करार आहे. तिकडच्या कोर्टात गेला नाहीत की इकडचं लायसन्स सस्पेंड होतं, किंवा नूतनीकरणाच्या खिडकीवर अडतं. मग सस्पेंड लायसन्सवर ऑफिसला गेलात, तर तो नवा गुन्हा.

'शेरीफ ऑफिस'मधून फोन आला. आत्ता पैसे भरले तर वॉरंट रद्द करतो म्हणाले.

फोन ठेवा. खरा पोलीस फोनवर दंड गोळा करत नाही. गिफ्ट कार्ड, झेलसारखं पैसे पाठवायचं अॅप किंवा क्रिप्टो तर नाहीच नाही. या भामट्यांना तुमचं नाव, पत्ता, कधीकधी खऱ्या अधिकाऱ्याचंही नाव माहीत असतं आणि फोनवर नंबर खऱ्या ऑफिसचा दिसतो. 'ज्युरी ड्यूटीला आला नाहीत' हे त्यांचं आवडतं निमित्त, आणि ते ग्रीन कार्डवाल्यालाही सांगतात, ज्याला ज्युरीत बसताच येत नाही. शंका असेल तर नंबर स्वतः शोधून कोर्टाच्या क्लार्कला फोन करा.

वकील घ्यायलाच हवा का? मी स्वतः जाऊन दंड भरला तर?

तुम्ही अमेरिकन नागरिक असाल, केस टिकटाची असेल आणि क्लार्क म्हणाला की एवढे पैसे भरा, वॉरंट निघून जाईल, तर भरा. फक्त पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं आहे का, हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी ते तसंच असतं.

बाकी सगळ्यांनी वकील घ्यावा, आणि त्याच कौंटीत रोज उभा राहणारा घ्यावा. तिथला न्यायाधीश सोमवारी कसा असतो आणि शुक्रवारी कसा, हे स्थानिक वकिलालाच माहीत असतं. असं काम पुष्कळ वकील एकरकमी फी घेऊन करतात. फीमध्ये फक्त वॉरंट मागे घेणं आहे की पूर्ण केस, हे लिहून घ्या. परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारच्या खर्चाने मिळणारा बचावाचा वकील, मागता येतो. १९७२ च्या 'आर्जरसिंगर विरुद्ध हॅमलिन' निकालानुसार, मिसडिमीनर असलं तरी वकील न देता तुरुंगात टाकता येत नाही. काही ऑफिसं कोर्टात जाण्याआधीच तुमच्याशी बोलतात, फोन करून बघा.

कोर्टात नेमकं काय होतं? मला तिथूनच आत टाकतील का?

वकील आधी वॉरंट मागे घेण्याचा अर्ज देतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत बहुतेक मिसडिमीनरमध्ये तुमच्या वतीने वकील एकटा उभा राहू शकतो (घरगुती हिंसाचाराची प्रकरणं याला अपवाद), म्हणजे तुम्ही घरी बसूनही वॉरंट निघून जाऊ शकतं. इतरत्र तुम्हाला जावं लागतं. नाव पुकारलं जातं, वकील सांगतो की हा स्वतःहून आलाय, घर बदललं होतं, नोकरी आहे, घरदार आहे. न्यायाधीश सहसा वॉरंट मागे घेऊन नवी तारीख देतो आणि तुमच्या शब्दावर सोडतो, किंवा थोडा जामीन मागतो. इलिनॉयमध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद आहे.

हमी कुणी देऊ शकत नाही. तरी स्वतः चालत आलेला आणि बेड्यांत आणलेला, या दोघांकडे न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाही. माझ्या वेळी सगळा प्रकार चार मिनिटांत आटोपला. मी इस्त्रीचा शर्ट घालून, रात्रभर जागून गेलो होतो. न्यायाधीशांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही नावाचा उच्चार विचारायला.

काही बारकावे. सकाळी जा, आणि शुक्रवारी दुपारी तर मुळीच जाऊ नका, कारण काही बिनसलं तर शनिवार-रविवार आत जाईल. औषधं चालू असतील तर त्यांची यादी आणि डॉक्टरचं पत्र खिशात ठेवा. मुलांना शाळेतून कोण आणणार ते ठरवून ठेवा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि कॉरिडॉरमध्ये पोलिसाला किंवा सरकारी वकिलाला आपली बाजू समजावत बसू नका. आपल्या लोकांना हे फार जड जातं.

काही शहरांत वॉरंट असलेल्यांसाठी खास दिवस ठेवतात. २००५ मध्ये क्लीव्हलंडच्या एका चर्चमध्ये असा प्रयोग झाला, चार दिवसांत आठशेहून जास्त लोक स्वतःहून आले. तुमच्या कौंटीत असं काही आहे का, ते विचारून बघा.

दंड भरायला पैसे नव्हते म्हणून वॉरंट निघालं असेल, तर तसं स्पष्ट सांगा. १९८३ च्या 'बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया' निकालानुसार खरोखर ऐपत नसणाऱ्याला केवळ त्या कारणाने तुरुंगात टाकता येत नाही. पगारपत्रक, भाड्याच्या पावत्या बरोबर न्या.

मी एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर आहे. माझ्यासाठी काय वेगळं?

जवळपास सगळं. नागरिकाला मिसडिमीनर म्हणजे दंड आणि मनस्ताप. तुम्हाला त्याच कागदावरून देश सोडावा लागू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला, मग क्रिमिनल वकील, मग कोर्ट, आणि सही सगळ्यांत शेवटी. २०१० च्या 'पडिला विरुद्ध केंटकी' निकालानंतर, कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर तसं सांगणं हे क्रिमिनल वकिलाचं कर्तव्य आहे. पण टिकटाच्या केसेस रोज हाताळणाऱ्याला इमिग्रेशनचे बारकावे माहीत असतीलच असं नाही.

धोक्याची पहिली जागा म्हणजे गोड तडजोड. 'गुन्हा कबूल करा, सहा महिने नीट वागा, आम्ही केस काढून टाकू.' राज्याच्या दृष्टीने शेवटी काहीच उरत नाही. पण १९९६ पासून इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या निराळी आहे. तुम्ही कबुली दिली आणि न्यायाधीशाने काही ना काही शिक्षा किंवा बंधन घातलं, तर केस पुढे काढून टाकली तरी इमिग्रेशनच्या लेखी तुम्ही दोषीच. रेकॉर्ड पुसलं तरी तेच. कबुली न देता होणारी डायव्हर्जन योजना (खटल्याऐवजी काही अटी पाळून केस मिटवणं) मात्र सहसा यात बसत नाही. दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात.

दुसरी जागा म्हणजे गुन्ह्याचा प्रकार. चोरी, फसवणूक असल्या गुन्ह्यांना इमिग्रेशन कायदा 'नैतिक अधःपतनाचे' गुन्हे म्हणतो आणि त्यांच्यावर कडक असतो. लायसन्सची मुदत संपणं हा तसा गुन्हा नाही. दुकानातली चोरी, मग ती वीस डॉलरच्या लिपस्टिकची का असेना, त्यात सहसा धरली जाते. असा एकच गुन्हा असेल, त्याची कमाल शिक्षा वर्षाहून जास्त नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल, तर प्रवेशबंदीतून सुटायला किरकोळ गुन्ह्याचा अपवाद आहे. पण देशाबाहेर काढण्याचा नियम वेगळा: प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत केलेला असा गुन्हा, ज्याला एक वर्ष किंवा जास्त कैद होऊ शकते. म्हणजे ३६५ दिवसांत आणि ३६४ दिवसांत घर राहतं किंवा जातं. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा एक दिवसाने कमी केली. गांजाचं प्रकरण त्याहून वाईट, तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असला तरी. केंद्राचा कायदा ते मानत नाही.

जानेवारी २०२५ मधल्या लेकन रायली कायद्यानंतर, ज्यांचा प्रवेश किंवा कागद कायदेशीर नाहीत अशा परकीयांना दुकानातल्या चोरीच्या नुसत्या आरोपावरूनही डांबून ठेवणं सक्तीचं झालं आहे. तुमची स्थिती अशी असेल तर वकिलाशिवाय कोर्टाची पायरीही चढू नका.

वॉरंट असताना भारतात जाऊन येऊ का? स्टँपिंगपण करायचंय.

आधी मिटवा, मग जा. जाताना बहुधा कुणी अडवणार नाही, अडचण येताना आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला वर सांगितलेली एफबीआयची यादी दिसते. तो तुम्हाला आतल्या खोलीत बसवू शकतो, स्थानिक पोलिसांच्या हवाली करू शकतो, आणि व्हिसावर असाल तर प्रवेशाबद्दलच प्रश्न काढू शकतो. मागे पोरं आणि आजी सामानाच्या पट्ट्याजवळ थांबलेली असतात.

स्टँपिंगच्या, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घेण्याच्या, डीएस-१६० फॉर्मवर कधीही अटक झाली होती का, असा प्रश्न आहे. 'कधीही' म्हणजे कधीही. शिक्षा झाली का, असा तो प्रश्न नाही. खोटं उत्तर हा मूळ प्रकरणापेक्षा मोठा गुन्हा होऊन बसतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल, तर दोषी ठरण्याआधीच व्हिसा रद्द झाल्याचं ईमेल येऊ शकतं. त्याने अमेरिकेतलं तुमचं स्टेटस आपोआप जात नाही, पण बाहेर पडलात तर नवा व्हिसा लागतो.

मी कायमचा भारतात परतलोय. आता काय फरक पडतो?

परत कधी जायचंच नसेल तर फारसा नाही. पण मुलगी शिकायला गेली, तिच्या पदवीदानाला जायचं ठरलं, की वीस वर्षांपूर्वीचं ते टिकट व्हिसाच्या खिडकीवर तुमची वाट बघत असतं. तिथल्या वकिलाला इथूनच ईमेलने नेमता येतं. काही कोर्टं व्हिडिओवर हजर राहू देतात. घाई नसताना केलेलं हे काम स्वस्तात होतं.

नागरिकत्वाच्या अर्जावर लिहावं लागतं का?

अटक, आरोप, हे सगळं एन-४०० वर विचारतात. मिटलेलं प्रकरण कोर्टाच्या शिक्क्याच्या कागदासह दाखवलं तर लहान गुन्ह्याने सहसा अर्ज बुडत नाही. केस उघडी असताना अर्ज करू नका. प्रोबेशनवर असतानाही नाही, तेव्हा अर्ज मंजूर होतच नाही.

ऑफिसात कळेल का?

नोकरीच्या पडताळणीत कोर्टाच्या नोंदी तपासल्या, तर कळू शकतं. टिकट देऊन सोडलं असेल, बोटांचे ठसे घेतले नसतील, तर एफबीआयच्या नोंदीत बहुधा काही नसतं.

रस्त्यात थांबवलं आणि वॉरंट निघालं, तर?

हात दिसतील असे ठेवा. नाव खरं सांगा. त्यापुढे 'मला वकिलाशी बोलायचं आहे' एवढंच, आणि नंतर खरंच गप्प. गाडी तपासू द्याल का विचारलं तर नम्रपणे नाही म्हणता येतं. अटक झाल्यावर गाडी जप्त होऊ शकते, म्हणून शेजारी लायसन्सवाला असेल तर त्याच्या हाती देऊ द्याल का, ते विचारा. भारतीय नागरिक असाल तर वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. भारताच्या बाबतीत ते आपणहून कळवत नाहीत, मागावं लागतं. तुरुंगातल्या फोनवर केसबद्दल अवाक्षर काढू नका, अगदी मराठीतसुद्धा. ते संभाषण रेकॉर्ड होतं आणि भाषांतर करणारे मिळतात.

घरी सांगावं का?

हा कायद्याचा प्रश्न नाही, पण विचारतात सगळे. मी बायकोला तीन आठवडे सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, 'गाडी कुणाच्या नावावर आहे?' फार उपयोगी प्रश्न होता तो. बाहेर कुणाला सांगायची गरज नाही, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. तिथे दिलेला सल्ला फुकट असतो, आणि तिथे लिहिलेला मजकूर कायम राहतो.

वॉरंट मागे घेतलं. आता संपलं ना?

वॉरंट संपलं, केस संपेलच असं नाही. पुढची तारीख दोन फोनांत आणि एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लायसन्स सस्पेंड झालं असेल तर ते कोर्टाने वॉरंट मागे घेतल्याने आपोआप सुरू होत नाही. मोटार वाहन खात्यात वेगळी फी भरून, वेगळा अर्ज करून ते सुरू करावं लागतं, आणि सुरू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत गाडी चालवू नका.

कोर्टाकडून आदेशाची शिक्क्याची प्रत घ्या, निदान तीन. रद्द झालेलं वॉरंट पोलिसांच्या संगणकातून निघायला कधीकधी दिवस लागतात, आणि तेवढ्यात कुणी थांबवलं तर त्याला संगणक खरा वाटतो. एक प्रत गाडीत ठेवा, एक पासपोर्टच्या पाकिटात, आणि एक घरात, जिथे तुमच्यानंतरही कुणाला सापडेल अशा जागी. पंधरा वर्षांनी कोर्ट जुन्या फायली नष्ट करतं आणि मग नागरिकत्वाचा अधिकारी तीच फाइल मागतो, हे मी पाहिलं आहे. माझी गाडीतली प्रत आता पिवळी पडली आहे. ती मी दोन गाड्या बदलताना आठवणीने काढून नव्या गाडीत ठेवली.